परत पाठवलेली बादली

कुर्ल्याहून चेंबूरला रूळ गेले ते मुळात माणसांसाठी नव्हेतच. १९०६ साली ही लाइन टाकली गेली ती मुंबईचा कचरा पूर्वेकडच्या खाजणात नेऊन ओतायला. डब्यांत माणसं बसायला १९२४ साल उजाडलं. हार्बरच्या गर्दीत चेंगरताना मी एकदा हे बरोबरच्या बायकांना सांगितलं, तर एक पटकन म्हणाली, "तरीच!"

१८९६ च्या प्लेगने या शहराची गाळण उडवली होती. त्यानंतरच्या कारभाऱ्यांना सुचलेला उपाय सरळ होता : घाण उचलायची आणि लांब नेऊन टाकायची. तेव्हा लांब म्हणजे चेंबूर, मग देवनार. देवनारचं डम्पिंग ग्राउंड पालिकेच्या कागदोपत्री १९२७ पासूनचं. शहर वाढलं तशी ही हद्दही पुढे सरकत गेली. मालाडचं चिंचोली बंदर, गोराई, आमचं मुलुंड, आता कांजूरमार्ग. चिंचोली बंदरच्या जुन्या कचऱ्यावर आज काचेची ऑफिसं आणि मॉल उभे आहेत. तिथे खरेदीला जाणाऱ्या किती जणांना पायाखाली काय आहे हे माहीत असेल कोण जाणे.

आम्ही मुलुंड पूर्वेचे. खाडीवरून वारा सुटला की संध्याकाळी खिडक्या लावून घ्यायच्या, हे आमच्या घरातल्या पोरांना पाढ्यांच्या आधी कळायचं. ऐरोलीकडून येणारे पाहुणे गाडीतून उतरताना नाकाला रुमाल लावूनच उतरत आणि वर "तुम्हाला सवय झाली असेल नाही?" असं विचारत. सवय झाली होती, हे खरंच. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलुंडचं डम्पिंग बंद झालं तेव्हा तिथे सुमारे सत्तर लाख टन कचरा साठलेला होता. आता गंमत बघा. इतकी वर्षं हा डोंगर उशाशी घेऊन झोपलेल्या आम्हा लोकांच्या घरात कचरा वेगळा व्हायचा का? छे. भाताची खरकटी, दाढीचं ब्लेड, दुधाची पिशवी, सगळं एकाच काळ्या पिशवीत, वर घट्ट गाठ. वासाने माणूस शहाणा होतो हा गैरसमज आहे. वासाने माणूस फक्त खिडकी लावतो.

देशभरात लोकांनी एकत्र येऊन कचरा कमी केल्याच्या कहाण्या मी आवडीने वाचते, जमेल तिथे बघूनही येते. वर्तमानपत्रांत त्या फार गोड करून छापतात. 'लोकसहभागातून कायापालट', खाली झाडू घेतलेल्या हसऱ्या बायकांचा फोटो. पण त्या गावांची आधीची दोन-चार वर्षं उकरून पाहिली, की बहुतेक ठिकाणी सुरुवात झाडूने झालेली नसते. सुरुवात भांडणाने झालेली असते. कोणीतरी रस्त्यावर उभं राहून सांगितलेलं असतं, की तुमची गाडी वळवा आणि मागे घेऊन जा.

पुण्याच्या बाबतीत हे काम उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी केलं. पुण्याच्या कचऱ्याने त्यांच्या विहिरींचं पाणी नासलं, तेव्हा त्यांनी महापालिकेच्या गाड्या अडवल्या, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा अडवल्या. दर वेळी पुण्यात चौकाचौकात ढीग साचले आणि दर वेळी शहराला आठवण झाली, की आपण रोज काहीतरी टाकत असतो. छत्रपती संभाजीनगरला फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी तीसेक वर्षांचं डम्पिंग बंद पाडलं. शहर कित्येक आठवडे कचऱ्यात बसलं. पालिकेने दुसरीकडे जागा शोधायची आणि तिथल्या लोकांनी हाकलून लावायचं, असं चाललं होतं. मिटमिट्याला तर दगडफेक, लाठीमार, जाळपोळ इथपर्यंत गेलं.

केरळमध्ये तिरुवनंतपुरम शहराचा कचरा विळप्पिलशाला नावाच्या गावात जायचा. डिसेंबर २०११ मध्ये त्या गावच्या पंचायतीने प्रकल्पाच्या फाटकाला कुलूप ठोकलं. सरकारने, पोलिसांनी उघडायचा प्रयत्न केला, गाव हटलं नाही. राजधानीचं शहर, आणि कचरा टाकायला जागा नाही! त्याच सुमाराला अलप्पुळा शहराचंही तेच झालं. सर्वोदयपुरमच्या लोकांनी शहराचा कचरा घ्यायला नकार दिला. मग २०१२ मध्ये तिथले तेव्हाचे आमदार थॉमस आयझॅक यांच्या पुढाकाराने 'निर्मल भवनम निर्मल नगरम' हा कार्यक्रम सुरू झाला. घरोघरी पाइप कंपोस्ट आणि छोटे बायोगॅस, आणि ज्यांच्याकडे जागा नाही त्यांच्यासाठी वस्तीतच हवेशीर पेट्या : एक थर ओल्याचा, एक थर सुक्या पानांचा. पुढे २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने जगातल्या ज्या मोजक्या शहरांचं नाव घेतलं त्यात ओसाकाच्या बरोबरीने अलप्पुळा होतं. त्या कौतुकाच्या बातमीत सर्वोदयपुरमच्या नावाला कोणी फारशी जागा दिली नाही. माझ्या मते मूळ मानकरी तेच होते.

बंगळूरला २०१२ मध्ये, शहराचा कचरा जिथे जायचा त्या मावळ्ळीपुरा गावाच्या बाजूने हेच घडलं. शहरात ढीग लागले, प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात होतंच, आणि आधीपासून गल्लीबोळांत वर्गीकरणाचे प्रयोग करत बसलेल्या बायकांच्या गटांना अचानक सगळे विचारायला लागले, की तुम्ही करता तरी कसं? पुढे तिथे दोन डबे आणि एक पिशवी हा नियमच झाला. ओल्याला हिरवा, नको त्या घाणीला लाल, सुक्याला पिशवी.

आता मुंबईकडे वळू. देवनारचं फाटक कोणी कधी बंद पाडलं नाही. का नाही? डम्पिंगला लागून असलेल्या बैंगनवाडी, रफीक नगर, शिवाजी नगर इथली माणसं बरीचशी शहरानेच दुसरीकडून उठवून तिथे आणून टाकलेली. डोंगराचा धूर त्यांच्याच छातीत आणि डोंगरातलं भंगारच त्यांचं पोट. ज्याचं पोट त्या गाडीवर आहे तो गाडी अडवणार कशी? जानेवारी २०१६ च्या शेवटी देवनारला आग लागली, तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आगीनंतर बंदोबस्त कोणावर आला? कचरा वेचणाऱ्यांवर. ओला कचरा दाबून ठेवला की हवेवाचून तो सडतो, त्यातून मिथेन निघतो, आणि मिथेन पेटतो. तो ओला कचरा तिथे पाठवणाऱ्या मलबार हिलवर किंवा मुलुंडवर कोणी पहारा बसवला नाही.

मुंबईला 'नाही' म्हणायला शेवटी न्यायालय लागलं. त्या आगीनंतर महिन्याभरातच उच्च न्यायालयाने सांगितलं, की कचऱ्याची सोय नाही तोवर शहरात नवीन बांधकामांना परवानगी नाही. सर्वोच्च न्यायालयाकडून मार्च २०१८ मध्ये त्यात सवलत मिळाली, पण मधली दोन वर्षं जमीन-इमारतीच्या धंद्याला झोंबली. मुंबईत एखादी गोष्ट हलवायची असेल तर हवेला हात लावून उपयोग नाही, चटईक्षेत्राला हात लावावा लागतो, हे मी तेव्हा शिकले. आणि मगच २०१७ साली पालिकेने मोठ्या सोसायट्यांना नोटिसा धाडल्या : वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठं आवार असेल किंवा रोज शंभर किलोपेक्षा जास्त कचरा होत असेल, तर २ ऑक्टोबरपासून तुमचा ओला कचरा आम्ही उचलणार नाही, तुमचा तुम्ही जिरवा. पालिकेच्या हिशेबात शहराचा रोजचा कचरा साडेनऊ हजार टनांच्या घरात होता, तो पुढच्या काही वर्षांत सात हजारांच्या आसपास उतरला. त्या आकड्यावर माझा डोळे झाकून विश्वास नाही. पण त्यातला थोडासा भाग आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगणात उतरलेला मी पाहिलाय, म्हणून अगदीच खोटा म्हणवत नाही.

नोटीस आली तेव्हा आमच्याकडे जी सभा झाली ती ऐकण्यासारखी होती. "मेंटेनन्स भरतो ना आम्ही?" "प्रॉपर्टी टॅक्स कशासाठी घेतात मग?" "कोर्टात जाऊ." मग चेअरमनसाहेबांनी शांतपणे विचारलं, की कोर्टात जाईपर्यंत सोमवारचं खरकटं कोणाच्या घरात ठेवायचं? तेव्हा कुठे खड्डे खणायचं ठरलं.

मोडक्या सायकली टाकायची जागा होती, तिथे जाळीदार विटांचे हौद बांधले. पहिल्या पावसाळ्यात तिथे जे झालं ते सांगते, कारण ओल्या कचऱ्यातून नुसतं 'सोनं' निघतं असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. हौदात ओलं तेवढं पडत होतं : आमटी-भात, कलिंगडाच्या साली, चहाचा चोथा, कोलंबीची टरफलं, निर्माल्य दोऱ्यासकट. सुकं काहीच नाही. त्यामुळे आत हवा खेळेना, सगळं आंबलं, खालून काळं पाणी सुटलं आणि पिवळट अळ्यांची फौज तळमजल्यावरच्या एका काकूंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर चढली. काकूंनी फोटो काढून ग्रुपवर टाकले. कमिटीतल्या आम्ही तिघी-चौघी दोन दिवस लिफ्टमध्ये कोणाच्या नजरेला नजर देत नव्हतो.

उपाय आवारातच होता. आमच्याकडे पर्जन्यवृक्षाची मोठी झाडं आहेत, त्यांचा पाला गोण्यांत भरून बाहेर पाठवला जायचा. तो थांबवला. एक बादली ओल्यावर जवळजवळ तेवढाच सुका पाला, नारळाच्या शेंड्यांचा भुसा, आणि तयार खताची एक पाटी मुद्दाम मागे ठेवून नव्या हौदात टाकायची, दुधाला विरजण लावतात तशी. आठवड्यातून दोनदा वर-खाली करायचं. हिवाळ्यात सकाळी हौद उपसला की त्यातून वाफ निघते, हात घातला तर चटका बसेल इतकं ते आतून तापलेलं असतं. पन्नास-साठ अंशांपर्यंत जातं, त्यात अळीही टिकत नाही आणि वासही. शहाळ्यांच्या कवट्या आणि आंब्याच्या कोयी मात्र वर्ष झालं तरी 'आम्ही आहोत' म्हणून खतातून डोकं वर काढतात.

ज्यांच्याकडे रोजचा टनावारी ओला कचरा असतो, म्हणजे भाजी मंडया, हॉस्पिटलं, कँटीन, त्यांच्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' हा बायोगॅस प्रकल्प विकसित केला, तोही आमच्यापासून फार लांब नाही, ट्रॉम्बेला. आधी हवेत आणि गरम पाण्यात कचरा पचवायचा, मग बंद टाकीत. गॅस स्वयंपाकाला, उरलेलं शेताला. असे काही प्रकल्प स्त्री मुक्ती संघटनेच्या देखरेखीखाली कचरावेचक बायकांनी चालवले. ज्योती म्हापसेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये उभ्या केलेल्या या संघटनेने १९९८ पासून 'परिसर विकास' नावाने मुंबईतल्या कचरावेचक बायकांमध्ये काम सुरू केलं. यातल्या पुष्कळ जणींची घरं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून उठून इथे आलेली. रोजगार हमीवर खडी फोडलेल्या आयांच्या लेकी. मशीन चालवायला शिकल्या, रजिस्टर ठेवायला शिकल्या.

हौदाचं तंत्र जमलं. बादली मात्र जमली नव्हती.

आमच्या आवाराची सफाई एका ठेकेदाराकडे आहे. त्याच्याकडून येणाऱ्या मावशी भांडुपच्या टेकडीवर राहतात. सकाळी सहाला येतात, पाचही विंगांच्या मजल्यांवरून बादल्या गोळा करतात आणि मागे हौदाशी बसून हाताने वेगळं करतात. एकदा मी त्यांच्याशेजारी स्टूल टाकून बसले. गाठ मारलेली पिशवी आली की त्या आधी ती बाहेरून चाचपतात, आंधळा माणूस वाट चाचपतो तितक्या सावकाश. कारण विचारलं तर डाव्या हाताचं बोट पुढे केलं. बी विंगमधल्या कोणाच्या तरी इन्सुलिनची सुई. मग नखाने पिशवीचं पोट फाडायचं. आतून वरणात भिजलेलं वर्तमानपत्र, त्यात बाळाचं डायपर, डायपरला चिकटलेली पोळी. पोळी ओढून हौदात, डायपर वेगळ्या गोणीत, पिशवी झटकून आणखी वेगळी. तेवढ्यात वरून कोणीतरी हाक मारली, "मावशी, आमचा जिना राहिला!"

मी म्हटलं, "मावशी, असली बादली आली तर नेऊ नका ना. दारातच ठेवा." त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं त्यात राग नव्हता, कीव होती. "ताई, ठेवीन हो. मग ते मुकादमाला फोन करतील, बाई कचरा नेत नाही म्हणून. उद्या माझ्या जागी दुसरी."

इथे मला सगळ्या कहाण्यांचा सांधा सापडल्यासारखं झालं. फुरसुंगीला गाव होतं, नारेगावला गाव होतं, विळप्पिलशालाला पंचायत आणि कुलूप होतं. मावशींकडे काय होतं? ठेकेदाराचं ओळखपत्र.

पुण्यात हे कोडं बरंचसं सोडवलंय, आणि मुंबईकरांना पुण्याचं काही शिकवलेलं सोसत नाही, तरी सांगते. १९९३ मध्ये तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली, बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली. नावातच मालाची यादी. त्यातून २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. सभासद बाई ठरलेल्या घरांमधून कचरा घेते, घरटी शुल्क थेट तिला मिळतं, आणि सुक्यातून जे विकलं जाईल तेही तिचं. मध्ये ठेकेदार नाही. काही चुकलं तर भांडायला मागे संघटना आहे. ती बाई दारात उभी राहून "ताई, हे असं नको" म्हणू शकते, आणि दुसऱ्या दिवशीही तीच येते. यातलं 'दुसऱ्या दिवशीही' फार महत्त्वाचं.

या बायकांनी २०१३ साली एक गोष्ट केली, तिचं मला अजून नवल वाटतं. वापरलेले सॅनिटरी पॅड उघड्या हाताने वेगळे करायला लागतात, या कारणावरून त्यांनी पॅडच्या पिशव्या भरून थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिल्या. घ्या, तुमचं तुम्ही बघा. कंपन्यांच्या गुळगुळीत ऑफिसांत त्या पिशव्या उघडल्या गेल्या असतील तो क्षण मी मनातल्या मनात पुष्कळदा पाहिलाय. तीन वर्षांनी आलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांत एक कलम आलं : पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांनी प्रत्येक नगाबरोबर तो गुंडाळून टाकायला पिशवी किंवा वेष्टन द्यावं. दुकानात पाकीट घेताना आत बघा, आहे का ते. पुण्या-बंगळूरच्या बायकांनी त्याची वाट न पाहता कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत पाडली, म्हणजे हात लावायच्या आधी समजतं.

केरळात हरित कर्म सेना म्हणून बायकांचे गट आहेत. घरोघरी जाऊन धुतलेलं, सुकवलेलं प्लॅस्टिक घेतात, दरमहा शुल्क घेतात. सुरुवातीला लोकांनी शुल्क द्यायला खळखळ केली, या बायकांच्या तोंडावर दार लावलं. जुलै २०२३ मध्ये परप्पनंगाडीच्या अकरा जणींनी वर्गणी काढून अडीचशे रुपयांचं एक लॉटरीचं तिकीट घेतलं आणि त्यांना दहा कोटींचं बक्षीस लागलं. कचऱ्याशी याचा काही संबंध नाही, पण ही बातमी आठवली की माझा दिवस बरा जातो, म्हणून सांगितली. छत्तीसगडमधल्या अंबिकापूरलाही बचत गटाच्या बायकांनी घरोघरचा कचरा वेगळा करून विकून दाखवला, आणि शहराबाहेरचं डम्पिंग बंद झालं. आपल्याकडे वेंगुर्ल्याला तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी पालिकेच्या डम्पिंगची बाग करून दाखवली. कोकणात जाणाऱ्यांनी मासे खाऊन झाल्यावर तेही बघून यावं.

मुंबईत काहीच झालं नाही, असं मात्र म्हणू नये. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमध्ये नव्वदच्या दशकात रहिवाशांनी आपली गल्ली आपणच सांभाळायची सुरुवात केली आणि त्या धर्तीवर पालिकेने एएलएम, म्हणजे गल्लीची सफाई बघणारे रहिवाशांचे गट, काढले. पुढे शहरात असे शेकडो गट झाले. त्यांच्यामुळे कित्येक गल्ल्यांतल्या उघड्या कचराकुंड्या गेल्या. मग बरेचसे थंडावले. माझ्या पाहण्यातले दोन-तीन तर एका-एका निवृत्त माणसावर उभे होते; ते गृहस्थ मुलाकडे अमेरिकेला गेले किंवा गुडघ्याने बसले, की गल्लीचा हौदही बसला. उत्साहावर चाललेलं काम उत्साही माणसाच्या गुडघ्याइतकंच टिकतं.

याउलट आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चाललेली कचरा कमी करायची एक पद्धत आहे, तिला कोणी चळवळ म्हणत नाही. दुपारी अडीचला, नेमका डोळा लागला असताना, "भांडीय्ये" अशी हाक येते. बोहारीण. माझी सासू तिच्यापुढे तीन पँटी आणि दोन साड्या टाकायची आणि मोठ्या पातेल्यावर डोळा ठेवून असायची. बोहारीण प्रत्येक कपडा उजेडात धरून बघायची, शिवणीत बोट घालायची, आणि एखादी साडी अलगद बाजूला सारायची. "ही न्हाय चालायची आज्जी. विरलीय." सासूबाई म्हणजे घरात कोणाचं न ऐकणारी बाई. त्या निमूट ती साडी परत घ्यायच्या, आणि त्या साडीची पायपुसणी व्हायची, गोधडीचं अस्तर व्हायचं. रद्दीवालाही असाच, ओला पेपर वजनाला घेत नाही. त्यांना नाही म्हणता येत होतं, कारण गरज दोन्ही बाजूंची होती. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणाऱ्या मुंबईकर बाईला पर्यावरणाचं कोणी सांगितलं नव्हतं. न धुतलेली पिशवी भंगारवाला घेत नव्हता.

कुरकुऱ्याचं पाकीट मात्र धुऊन द्या, वाळवून द्या, इस्त्री करून द्या, त्याला गिऱ्हाईक नाही. आतून चांदी, बाहेरून छपाई, मध्ये आणखी एक थर. हे थर वेगळे करणं कोणाला परवडत नाही. आमच्या सुक्याच्या खोलीत पुठ्ठा, बाटल्या, पत्रा सगळं जातं, आणि या पाकिटांचा ढीग तेवढा राहतो. इथे सोसायटीने कितीही वर्गीकरण केलं तरी परत पाठवायचं कोणाला हा प्रश्न उरतोच. हिमालयातल्या राज्यांत २०१८ पासून दरवर्षी मेच्या अखेरीस शाळा, गावं, संस्था मिळून डोंगर साफ करतात. मला त्यांचं आवडतं ते हे, की गोळा केलेला कचरा नुसता उचलत नाहीत. पाकीट उलटं करून कंपनीचं नाव बघतात आणि कोणाचे किती याचा हिशेब मांडतात. २०२२ पासून केंद्राच्या नियमांनी प्लॅस्टिक वेष्टनाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नियम कागदावर चोख आहे. आमच्या खोलीतली पाकिटं न्यायला अजून कोणी आलेलं नाही.

दरम्यान शहराचा बहुतेक कचरा कांजूरला जातो. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जमीन संरक्षित वन असल्याचा निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. विक्रोळीच्या कन्नमवार नगरचे लोक आता खिडक्या लावतात. देवनारचा एक कोटी पंच्याऐंशी लाख टनांचा डोंगर उपसायची निविदा निघाली, कारण आता त्या जमिनीला भाव आला आहे.

गेल्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडला. मावशींनी मिसळलेली बादली उचलायची नाही, दारातच ठेवायची. त्याबद्दल कोणीही ठेकेदाराकडे तक्रार करायची नाही, केली तर ती कमिटीकडे लेखी करायची. आणि सुक्याच्या विक्रीचे पैसे सोसायटीच्या खात्यात न जाता मावशींना मिळायचे. शेवटच्या मुद्द्यावर फार वाद होईल असं वाटलं होतं, तो कोणी घातलाच नाही. वाद झाला तो पहिल्यावर. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका उभे राहिले. "म्हणजे आता मावशी आम्हाला शिकवणार?" मागून कोणीतरी म्हणालं, "काका, इतकी वर्षं आपण त्यांना शिकवलं, त्यांचं बोट बघा." हशा झाला, मग थोडं अवघडलेपण, मग हात वर झाले. ठराव पास झाला. ठेकेदाराला पत्र गेलं, त्याची सहीची प्रत फायलीत आहे. ती मी मागे लागून घेतली, कारण सही नसलेल्या पत्राचं आयुष्य मला ठाऊक आहे.

पहिल्या आठवड्यात बऱ्याच बादल्या दारातच राहिल्या. त्यातली एक आमच्या खजिनदारांची. मावशींनी त्यांच्याकडची उचलली असती तर बाकीच्यांची उचलावी लागली असती, हे त्यांनी कोणी न सांगता ओळखलं होतं. एका घराने चिडून आपली पिशवी रात्री गेटबाहेर रस्त्यावर नेऊन टाकली. ती कॅमेऱ्यात दिसली आणि वॉचमनने सकाळी दारात आणून ठेवली. इन्सुलिनच्या सुया आता एका जुन्या बरणीत येतात, बी विंगच्या त्या आजोबांनी बरणीवर स्वतःच्या हाताने 'सुया' अशी चिठ्ठी चिकटवली आहे.

डायपर-पॅडचं मात्र अजून जमायचंय. पालिकेने एप्रिल २०२५ पासून असल्या कचऱ्यासाठी वेगळी सेवा सुरू केली आहे. सोसायटीने नोंदणी करायची, पिवळी पिशवी ठेवायची, त्यांची गाडी येऊन नेते. नोंदणी मोबाइलवर पाच मिनिटांचं काम. पण ती पेटी कोणत्या विंगेखाली ठेवायची यावर एकमत होत नाही. ए म्हणते सीखाली, सी म्हणते गेटजवळ, गेटजवळ गणपतीचा मंडप लागतो. सध्या तिथेच घोडं पेंड खातंय.